डोळखांबच्या विद्यार्थ्याची पदार्थविज्ञानाची पदवी : परिव्यय आणि प्राप्ती

शिक्षणावर होणारा खर्च हा उपभोग समजावयाचा की गुंतवणूक, हा प्रश्न अर्थशास्त्रास नवा नाही. पुष्कळ श्रम आणि काळ वेचून एखादी विद्या संपादन केलेल्या मनुष्याची तुलना ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात मोलवान यंत्राशी केली होती. यंत्राच्या कामातून त्याची मूळ किंमत भरून निघून वर रास्त नफा उरावा लागतो, तसेच विद्यावंताच्या कामाविषयीही मानले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. तथापि या कल्पनेस हिशेबाचे रूप येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. थिओडोर शुल्ट्झ यांनी डिसेंबर १९६० मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेले आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेले भाषण, गॅरी बेकर यांचा १९६४ सालचा ग्रंथ आणि जेकब मिन्सर यांचा १९७४ सालचा ग्रंथ, यांतून ‘मानवी भांडवल’ या नावाने ओळखली जाणारी विचारसरणी उभी राहिली. या पद्धतीने निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांची सरासरी सॅकेरोपुलॉस व पॅट्रिनॉस यांनी २०१८ साली काढली, तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे व्यक्तीच्या उत्पन्नात सुमारे शेकडा ९ इतकी भर पडते असे आढळले.

शेकडा ९ ही प्राप्ती आकर्षक खरी. परंतु ती सरासरी आहे, आणि सरासरीवर कोणत्याही कुटुंबाची चूल पेटत नाही. ही प्राप्ती कोणत्या विषयाच्या पदवीवर मिळते, पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये किती काळ जातो, तो काळ कोणाच्या पैशावर काढला जातो, आणि तो पैसा किती व्याजाने आणलेला असतो, या प्रश्नांची उत्तरे सरासरीत विरघळून जातात. म्हणून येथे एकच विषय आणि एकच ठिकाण घेऊन हा हिशेब मांडला आहे. विषय पदार्थविज्ञान, ज्यास आता महाविद्यालयांतून भौतिकशास्त्र म्हणतात. ठिकाण ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डोळखांब.

परिव्ययाचे स्वरूप

शहापूर तालुक्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याकडे, आजोबा डोंगराच्या वाटेवर डोळखांब आहे. आसपासच्या गावपाड्यांतून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी यांची वस्ती आहे. पावसाच्या पाण्यावर होणारे भात हे मुख्य पीक, वरकस जमिनीवर नागली व वरई. भाताचा हंगाम सरला की बाहेरच्या कामाकडे पाहावे लागते : कोणी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, कोणी पडघा-भिवंडीकडील गोदामांत, कोणी आसनगाव किंवा मुरबाडच्या कारखान्यांत. शहापूर-मुरबाडच्या अंतर्भागातील बहुसंख्य कुटुंबांचे वर्ष असेच दोन भागांत विभागलेले असते.

अशा कुटुंबातील बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या मुलास पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर व्हावयाचे असेल, तर त्याची दृष्टी बहुधा कल्याणकडे वळते. तेथील बिर्ला महाविद्यालय १९७२ सालचे, आणि विज्ञानाच्या शिक्षणासाठी परिसरात परिचित असलेले. डोळखांबहून बसने वा जीपने आसनगाव, आणि तेथून मध्य रेल्वेच्या लोकलने कल्याण असा हा प्रवास. वाहनाची वाट पाहण्याचा वेळ धरता एका दिशेस दोन तास सहज मोडतात. राज्य परिवहन मंडळ विद्यार्थ्यांना पासावर दोन-तृतीयांश सवलत देते, आणि रेल्वेचा विद्यार्थी-पासही सवलतीचा असतो. त्यामुळे प्रवासाचा पैशातील खर्च मोठा नाही. त्याचा खर्च वेळात आहे.

घरोघरी शिक्षणाच्या खर्चाचा विचार निघतो तेव्हा शुल्क, पुस्तके, पास आणि खाणावळ यांची बेरीज होते. हा प्रत्यक्ष परिव्यय होय. अनुदानित महाविद्यालयातील पारंपरिक विज्ञान शाखेचे शुल्क अभियांत्रिकी वा वैद्यक यांच्या तुलनेने अल्प असल्यामुळे ‘बी. एस्सी. स्वस्त आहे’ असा समज रूढ आहे. तो समज अपुरा आहे. मुलगा महाविद्यालयात गेल्यामुळे त्याने जे मिळविले नाही, तेही खर्चातच धरले पाहिजे. अर्थशास्त्रात यास संधिव्यय म्हणतात. शुल्ट्झ यांनी अमेरिकेच्या शिक्षणाचा हिशेब मांडला, तेव्हा माध्यमिक आणि त्यावरील शिक्षणाच्या एकूण खर्चात अर्ध्याहून अधिक वाटा या बुडालेल्या कमाईचा निघाला होता. जेथे शुल्क कमी आणि मजुरी हीच उपजीविका, तेथे हा वाटा त्याहून मोठा असणार हे उघड आहे.

एक उदाहरण घ्यावे. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतील महाराष्ट्रासाठीचा मजुरीदर २०२४-२५ या वर्षी दिवसास २९७ रुपये होता. आवणी, कापणी, गोदाम वा भट्टी मिळून वर्षात २५० दिवस काम आणि तेवढाच रोज मिळतो असे गृहीत धरले, तर वर्षाची कमाई ७४,२५० रुपये होते. शुल्क, पुस्तके, प्रवास व बाहेरचे जेवण यांसाठी वर्षास ३०,००० रुपये लागतात असे मानू. मग पदवीचे एक वर्ष १,०४,२५० रुपयांस पडते, आणि तीन वर्षे ३,१२,७५० रुपयांस. यांपैकी २,२२,७५० रुपये, म्हणजे शेकडा ७१, ही कोणाच्याही पावतीवर न दिसणारी बुडालेली मजुरी होय. (३०,००० हा आकडा केवळ गृहीत आहे, तो दुप्पट केला तरी मजुरीचा वाटा निम्म्याहून अधिकच राहतो.)

येथे विषयाचा संबंध येतो. कला वा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी गोदामातील पाळी सांभाळून, परीक्षेपुरते महाविद्यालय गाठून पदवी पदरात पाडू शकतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची १९८९ साली स्थापना झाल्यापासून तर काम न सोडता पदवी घेण्याची राजमान्य सोय झाली आहे. पदार्थविज्ञानास हे चालत नाही. प्रात्यक्षिकांस प्रत्यक्ष हजर राहावे लागते. दोलक, भिंग आणि विद्युत्‌मंडल यांची निरीक्षणे प्रयोगशाळेतच नोंदवावी लागतात, आणि नोंदवही तपासून घेतल्याखेरीज परीक्षेस बसता येत नाही. म्हणजे पदार्थविज्ञानाचे शुल्क इतर शाखांच्या जवळपास असले, तरी संधिव्यय त्यांहून अधिक आहे. त्यातही शैक्षणिक वर्षाची गाठ शेतीच्या वर्षाशी चुकीच्या ठिकाणी पडते. वर्ग सुरू होतात ते आवणीच्या दिवसांत, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा येतात त्या भातकापणीच्या सुमारास. या दोन्ही वेळी एका माणसाच्या हाताची किंमत रोजच्या मजुरीहून जास्त असते, कारण त्या दिवसांत बदली माणूस मिळत नाही.

ज्या घराने भट्टीमालकाकडून हंगामापूर्वी उचल घेतली आहे, त्याची स्थिती आणखी वेगळी. उचल ही घरातील काम करणाऱ्या हातांच्या संख्येवर ठरते. एक हात महाविद्यालयात गेला की उचल तेवढी कमी होते. शुल्ट्झ यांना जो संधिव्यय आकडेवारीतून शोधून काढावा लागला, तो येथे दिवाळीपूर्वीच रोख रकमेत कळतो.

पदवीपुढील मार्ग आणि त्याचा हिशेब

आता प्राप्तीची बाजू. केवळ बी. एस्सी. या पदवीच्या बळावर पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास परिसरात कोणते काम मिळते, हे पाहू गेल्यास एक विषमता ताबडतोब ध्यानात येते. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रासायनिक व औषधी कारखाने आहेत, आणि त्यांच्या परीक्षण-प्रयोगशाळांना रसायनशास्त्राचे पदवीधर लागतात. पदार्थविज्ञानाच्या पदवीधरासाठी असे ठरलेले दार कारखान्यास नाही. त्याची पदवी ही मुक्कामाची नसून पुढच्या गाडीची आहे : बी. एड. करून माध्यमिक शिक्षक, एम्. एस्सी. करून कनिष्ठ वा वरिष्ठ महाविद्यालय अथवा संशोधन, एम. सी. ए. करून संगणकक्षेत्र, किंवा कोणत्याही पदवीवर देता येणाऱ्या स्पर्धापरीक्षा.

शेवटच्या प्रकाराविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तलाठ्याच्या पदास पदवी लागते, परंतु ती कोणत्याही शाखेची चालते. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते. पोलीस शिपायाचे २१,७०० रुपयांपासून सुरू होते, आणि त्यास बारावी पुरते. म्हणजे जो विद्यार्थी शेवटी शिपाई होतो त्याच्या बाबतीत पदवीचा सर्व परिव्यय प्राप्तीविना राहतो, आणि जो तलाठी होतो त्याने तीच पदवी काम करता करता कला शाखेतून मिळविली असती तर संधिव्यय वाचला असता. अशा नोकऱ्यांना पदार्थविज्ञानाचे फळ म्हणून मोजणे ही हिशेबातील चूक होय. तथापि ही चूक नेहमी केली जाते.

पदार्थविज्ञानास खरोखर लागू असलेला आणि डोळखांबच्या विद्यार्थ्यास सर्वांत परिचित असलेला मार्ग शिक्षकाचा आहे. २०१५ पासून बी. एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. त्याचा प्रत्यक्ष खर्च वर्षास ५०,००० रुपये गृहीत धरला, तर बुडालेल्या मजुरीसह त्या दोन वर्षांचा परिव्यय २,४८,५०० रुपये होतो, आणि पाच वर्षांचा एकूण परिव्यय ५,६१,२५० रुपये. त्यानंतर नेमणूक झाल्यास पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. माध्यमिक शाळेतील हे मानधन पूर्वी दरमहा ८,००० रुपये होते; जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झाले. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी लागू होते, तिचा आरंभ ३८,६०० रुपये मूळ वेतनाने होतो. महागाई व घरभाडे भत्ते, वेतनवाढी आणि भाववाढ ही सर्व सोयीसाठी वगळून, १८ ते ५८ या वयातील चाळीस वर्षांचा हिशेब मांडता येतो.

भविष्यात मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो. म्हणून प्रत्येक वर्षाच्या रकमेस वटाव लावून तिचे वर्तमान मूल्य काढावे लागते. वटावाचा दर शेकडा १० धरला, तर पाच वर्षांच्या परिव्ययाचे वर्तमान मूल्य सुमारे ४,२१,००० रुपये येते. पदवीनंतर लगेच नेमणूक होते असे मानल्यास, मजुरीपेक्षा जे अधिक मिळते त्याचे वर्तमान मूल्य सुमारे १९,४७,००० रुपये भरते. निव्वळ लाभ पंधरा लाखांहून अधिक. यावरून पदवी घ्यावी की न घ्यावी हा प्रश्नच उरत नाही असे वाटेल.

परंतु दर बदलून पाहावा. शेकडा १० हा बँकेचा किंवा नोकरदार बापाचा दर आहे. ज्या घरास नड भागविण्यासाठी खाजगी कर्ज काढावे लागते, त्यास दरमहा शेकडा २ किंवा ३ द्यावे लागत असतील असे समजू. वार्षिक शेकडा २४ दराने परिव्ययाचे वर्तमान मूल्य सुमारे ३,०१,००० आणि प्राप्तीचे सुमारे ३,८५,००० रुपये येते. लाभ उरतो, पण पंधरा लाखांवरून ८४,००० वर उतरतो. शेकडा ३६ दराने परिव्यय सुमारे २,३७,००० आणि प्राप्ती सुमारे १,४३,००० रुपये. म्हणजे ९४,००० रुपयांचा तोटा. मुलगा तोच, बुद्धी तीच, पदवी, शाळा आणि वेतनश्रेणीही तीच. केवळ पैसा कोठून आला यावर लाभाचा तोटा होतो. दोन शेजाऱ्यांनी एकाच पदवीविषयी परस्परविरुद्ध निर्णय घेतले, तर त्यांतील एकास अडाणी ठरविण्याचे कारण नाही. दोघांचेही गणित बरोबर असू शकते.

प्रतीक्षेची किंमत

वरील हिशेबात नेमणूक निश्चित आणि तात्काळ धरली होती. वस्तुस्थिती तशी नाही. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबविण्यात आली. पुढे ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीद्वारे भरती करण्याचे ठरले, आणि तिच्यासाठी आवश्यक अशी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी चाचणी झाली ती २०२३ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, आणि तिसरी २०२५ च्या मे-जून महिन्यांत. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीत पाच वर्षांहून अधिक अंतर पडले. २०१८ साली बी. एड. झालेल्या विद्यार्थ्याने काहीही चूक न करता त्याच्या आयुष्यातील पाच वर्षे परीक्षेची वाट पाहण्यात गेली.

या प्रतीक्षेचे मोल असे काढता येते. नेमणूक लगेच होते पण निश्चित नाही असे मानू, आणि ती न मिळाल्यास पदवीधर पूर्वीच्याच मजुरीवर परततो असे धरू. शेकडा १० दराने परिव्यय भरून निघण्यासाठी नेमणुकीचा संभव किमान शंभरात २२ असला पाहिजे. आता नेमणुकीपूर्वी पाच वर्षे थांबावे लागते, परंतु त्या काळात मजुरी चालू ठेवता येते असे धरले, तर हा किमान संभव शंभरात ३६ होतो. आणि ती पाच वर्षे अभ्यासिकेत बसून, काही न कमावता काढली, तर शंभरात ५१. वेतन एका रुपयाने कमी झालेले नाही, महाविद्यालयाचे शुल्क वाढलेले नाही. केवळ थांबावे लागल्यामुळे आवश्यक यशाचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले.

भारतातील पदवीधरांच्या बेकारीविषयी ब्लॉग, लेयर्ड आणि वुडहॉल यांचा १९६९ सालचा ग्रंथ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. ही बेकारी बरीचशी प्रतीक्षेच्या स्वरूपाची आहे, आणि ती प्रतीक्षा जमेस धरूनही पदवी व्यक्तीला किफायतशीर पडते, म्हणूनच बेकारी दिसत असता महाविद्यालये भरलेली राहतात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. देशभराच्या सरासरीबद्दल तो मान्य करण्यास हरकत नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे : थांबणाऱ्यास कोणीतरी पोसत आहे. शहरातील मध्यमवर्गीय घरात तो भार बापाच्या पगारावर पडतो. डोळखांबला तो पडतो एका पिकावर. त्यामुळे ज्याला पाच वर्षे थांबणे परवडते त्याला चाचणीची तयारी अधिक करता येते, त्याचा यशाचा संभव वाढतो, आणि ज्याला परवडत नाही त्याचा घटतो. प्रतीक्षेची लांबी ही दिसावयास सर्वांना सारखी असली तरी ती गुणवत्तेआधी ऐपतीची परीक्षा घेते.

यांत शैक्षणिक वर्ष वाया जाण्याचा धोका अद्याप धरलेला नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यास अकरावीत विज्ञानाची भाषा एकाएकी इंग्रजी होते. पदवीच्या पहिल्या वर्षी यामिकी आणि कलनशास्त्र यांत तो अडतो तो पुष्कळदा विषयामुळे नसून वाक्यामुळे. एटीकेटीचे विषय साचून एक वर्ष पुन्हा करावे लागले, तर वरील गृहीतांप्रमाणे १,०४,२५० रुपये तत्काळ वाढतात आणि नोकरीचे एक वर्ष शेवटून कमी होते. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी पहिल्या सत्रात मराठीतून दिलेले पंधरा-वीस जादा तास एखाद्या शिष्यवृत्तीइतके मोलाचे ठरू शकतात, ते या अर्थाने.

साहाय्याच्या योजना व त्यांच्या मर्यादा

शिष्यवृत्तीच्या योजना या हिशेबात कोठे बसतात, हे आता पाहता येईल. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना सुरू केली. तीत मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत शिकणाऱ्यास भोजन, निवास व निर्वाह यांसाठी वर्षास ६०,००० रुपये मिळण्याची तरतूद झाली, इतर ठिकाणी त्याहून कमी. ही रक्कम प्रत्यक्ष परिव्ययासाठी आहे, आणि त्या कामी ती मोलाची आहे. परंतु बुडालेली ७४,२५० रुपयांची मजुरी तिच्या कक्षेत येत नाही. केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर’ कार्यक्रमातील उच्च शिक्षण शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी आहे, आणि तिची वार्षिक ८०,००० रुपयांची रक्कम योगायोगाने या बुडालेल्या मजुरीहून थोडी अधिक भरते. मात्र ती मिळण्यासाठी बारावीच्या परीक्षेत मंडळाच्या पहिल्या शेकडा १ विद्यार्थ्यांत यावे लागते, किंवा तत्सम स्पर्धा जिंकावी लागते.

शैक्षणिक कर्जाची गोष्ट निराळी. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास विद्यार्थ्याला स्वतःची भर घालावी लागत नाही, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. शुल्क, पुस्तके, निवास ही कलमे त्यात बसतात. घरी येणारी मजुरी थांबली, हे कलम बसत नाही. शिवाय एका वर्षाची ही सवलत ज्या नोकरबाजाराची कल्पना करते, त्यात दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांचे अंतर पडत नाही. कर्जाचा पहिला हप्ता प्रतीक्षेच्या दुसऱ्याच वर्षी दारात येतो, आणि तेथे बँकेचा स्वस्त दर संपून गावातील महाग दर सुरू होण्याचा धोका असतो.

एम्. एस्सी.नंतरच्या वाटेवर चित्र पालटते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. म्हणजे शिकत असतानाच माध्यमिक शिक्षकाच्या आरंभीच्या मूळ वेतनाएवढी प्राप्ती होते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालू आहे. पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची तेथे निवड होते, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते, आणि पुढे केंद्र शासनाच्या दहाव्या स्तरावर, ५६,१०० रुपये मूळ वेतनावर नेमणूक होते. डोळखांबहून हे केंद्र एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. वरिष्ठ महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाचा आरंभ ५७,७०० रुपयांनी होतो, परंतु नियमित पद रिक्त होऊन भरले जाईपर्यंत तासिका तत्त्वावर काम करणारे पुष्कळ आहेत, आणि तेथेही किंमत प्रतीक्षेचीच मोजावी लागते. पदार्थविज्ञानाची मोठी प्राप्ती आहे ती अशी शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर. जो तिसऱ्या वर्षी थांबतो त्याच्या वाट्यास शिडीचा खर्च तेवढा येतो. म्हणून प्रवेश घेतानाच पाच ते सात वर्षांची सोय आहे की नाही हे पाहणे, आणि नसल्यास तीन वर्षांनी काय करावयाचे हे ठरविणे, कुटुंबाच्या दृष्टीने शुल्काच्या चौकशीपेक्षा महत्त्वाचे आहे.

संधिव्यय कमी करण्याचा प्रयत्न या जिल्ह्यास अपरिचित नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ साली आपले कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर नेले. (कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) आदिवासी मुले शाळेत येत नाहीत याचे कारण अनास्था नसून ती गुरे राखावयास जातात हे आहे, असे ओळखून त्यांनी गुरांच्या मागे कुरणात शाळा नेली. मूल शाळेत असताना गुरेही राखली जात. म्हणजे घरची बुडालेली कमाई जवळजवळ शून्यावर आली. प्रयोगशाळा कुरणात नेता येणार नाही हे खरे. परंतु प्रात्यक्षिके आठवड्यातील दोन दिवसांत एकवटणे, आवणीच्या पंधरवड्यात हजेरीची सूट देणे, शिक्षकभरतीची चाचणी दरवर्षी ठरल्या महिन्यात घेणे, ही कामे आवाक्यातील आहेत. वरील आकड्यांप्रमाणे यांतील शेवटचे एकच काम आवश्यक यशाचे प्रमाण ५१ वरून २२ च्या जवळ आणू शकते.

हिशेबातील एक जागा अजून रिकामी आहे. येथे विद्यार्थ्याची बुडालेली कमाई मजुरीच्या दराने धरली. विद्यार्थी मुलगी असेल तर तिचे बरेचसे काम मजुरीचे नसते. शहापूर तालुक्यातील तानसा, मोडकसागर आणि भातसा या जलाशयांतून मुंबईस पाणी जाते, आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी भरणे, सरपण आणणे, धाकट्या भावंडांस सांभाळणे या कामांस बाजारभाव नसल्यामुळे मुलीच्या पदवीचा संधिव्यय कागदावर अल्प दिसतो. ते काम मात्र थांबत नाही. ते दुसऱ्या कोणास तरी करावे लागते, आणि बहुधा ती तिची धाकटी बहीण असते. थोरलीच्या प्रयोगशाळेतील उपस्थितीचा काही भाग अशा रीतीने धाकटीच्या शाळेतील अनुपस्थितीतून भरला जातो. मुलींना एस. टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना बारावीपर्यंतच आहे. त्यापुढे विद्यार्थी-पासाची सवलत, किंवा मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांसाठी असलेले निम्मे भाडे. पदवीच्या तीन वर्षांसाठी तो पास वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही. पाण्याच्या खेपा कमी करण्यास अधिक येईल.